मोतीबिंदू निघाला, आता डोळा सांभाळा



गळीत हंगाम आटोपून उसाचे बिल हाती आले, की घरोघरी वडीलधाऱ्यांच्या मोतीबिंदूचा विषय निघतो. पूर्वी ही शस्त्रक्रिया म्हणजे दिव्यच. डोळ्याला टाके, पट्टी बांधून दिवसच्या दिवस उताणे पडणे आणि पुढे जाड भिंगाचा चष्मा. आता बारीक छेदातून मोती काढून आत कृत्रिम भिंग बसवतात. बहुधा टाका लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. घोटाळा होतो तो इथेच. टाका नाही म्हणजे जखम नाही, असे आपण धरून चालतो आणि चौथ्या दिवशी म्हातारबा उसाला पाणी द्यायला रानात हजर!

या जखमेतून जंतू आत शिरले तर डोळ्याच्या आत पू होतो. हे क्वचित घडते, हजारात एखाद्याला. पण त्याची नजर कायमची जाऊ शकते. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात सात जणांच्या डोळ्यांत असा संसर्ग झाला व काहींची दृष्टी गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारात मुझफ्फरपूर येथे तर कित्येकांचे डोळे काढावे लागले.

एकाच वेळी अनेकांना लागण झाली, तर बहुधा हत्यारे किंवा औषधे निर्जंतुक नसतात. एकट्यादुकट्याला झाली, तर जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापणीवरचे असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी डोळ्यात आयोडीनचे औषध घालतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत जंतुनाशक औषध सोडायला सुरुवात केली. सहा लाखांवर शस्त्रक्रियांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात संसर्गाचे प्रमाण दहा हजारांत सातवरून दोनवर आलेले दिसले. पापणीवर रांजणवाडी असेल, डोळ्याला चिपडे येत असतील किंवा साखरेचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

घरी आल्यावरचे काम मात्र आपले. ते असे :

१. थेंब घालण्याआधी साबणाने हात धुवावेत. बाटलीचे टोक डोळ्याला वा बोटाला लावू नये. दोन औषधांत पाच मिनिटे जाऊ द्यावीत. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. बरे वाटले म्हणून औषध मनाने थांबवू नये.

२. डोळा चोळू नये. रात्री झोपताना डोळ्यावर दिलेली टोपी लावावी, दिवसा काळा चष्मा.

३. डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नये. तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. महिनाभर विहीर-कॅनॉलमध्ये उतरू नये. चंद्रभागेचे स्नानही नको. मध्ये एकादशी आली तर कळसाचे दर्शन घ्यावे. पांडुरंग रागावत नाही. कपाळाला बुक्का लावू देऊ नये, त्याची पूड डोळ्यात उतरते.

४. मध, दूध, गुलाबपाणी, काजळ यांतले काहीही डोळ्यात घालू नये. पाचटाची धूळ, चुलीचा धूर आणि गोठा यांपासून लांब राहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. शस्त्रक्रियेनंतर डोळा थोडा खुपतो, पण रोज थोडे बरे वाटायला हवे. त्याऐवजी ठणका वाढला, डोळा लालभडक झाला, पापणी सुजली, घाण येऊ लागली किंवा काल दिसत होते ते आज अंधुक झाले, तर तो धोका समजावा. बहुधा पहिल्या आठवड्यातच हे कळून येते. यावर डोळ्याच्या आत सुईने औषध द्यावे लागते आणि ते जितक्या लवकर मिळेल तितकी नजर वाचण्याची आशा जास्त. इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

आमच्या पाहण्यात असे येते, की म्हातारी माणसे बोलत नाहीत. पोराचे काम खोळंबेल, गाडीभाडे पडेल म्हणून दुखणे गिळतात. आणि घरचे म्हणतात, तारीख आठ दिवसांनी दिलीय, तेव्हा बघू. तेव्हा रोज सकाळी त्यांचा दुसरा डोळा झाकून ‘बोटे किती?’ असे आपणच विचारावे. शंका आली तर रात्र असो वा रविवार, शस्त्रक्रिया झाली तिथे ताबडतोब न्यावे. तेथे जमत नसल्यास सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात. दवाखान्याचा कागद व फोन नंबर हाताशी ठेवावा, ही सर्व सभासदांना कळकळीची विनंती.