बघणाऱ्याने वाट निवडायचा माहितीपट



अकोले तालुक्यातील वाड्यांवरचे फोटो आपण या अंकातून नेहमी पाहता. गेले काही महिने तेथील तरुणांबरोबर मी एक नवी गोष्ट शिकत आहे : वेबवर पाहायचा आणि बघणाऱ्याला निवड करू देणारा माहितीपट. "म्हणजे नेमके काय?" असे मंडळीतील पुष्कळांनी विचारले, म्हणून हा लेख.

नेहमीचा माहितीपट एका रेषेत चालतो. दिग्दर्शक दाखवील ते, त्याच क्रमाने आपण पाहतो. येथे तसे नाही. वाडीत गेल्यावर कोणाच्या ओसरीवर आधी टेकायचे हे पाहुणा ठरवतो, तसेच हे. पडद्यावर नकाशा किंवा काही चेहरे दिसतात. बोट लावले की त्या माणसाचे बोलणे सुरू होते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी कॅटरिना सिझेक यांनी २०१० मध्ये केलेल्या 'आउट माय विंडो'त १३ शहरांतल्या उंच इमारतींमधील रहिवासी भेटतात. खिडकी निवडायची आणि आत शिरायचे.

आपल्या जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे ओवी वाचता येते, अनेकदा गाणारीचा आवाज ऐकता येतो, तिचा चेहराही पाहता येतो. काटेकोरपणे तो माहितीपट नव्हे, संग्रह आहे. पण शिकणाऱ्याने आधी तोच पाहावा असे माझे मत आहे.

आमचा विषय गावठी बियाणे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हापासून अकोल्याचे बियाणे सर्वांना ठाऊक झाले. काळभात, नागली, वरई जपणाऱ्या इतरही बाया घरोघर आहेत.

कामाची सुरुवात कॅमेऱ्याने होत नाही, मोठ्या कागदाने होते. प्रत्येक प्रसंगाची चिठ्ठी करायची आणि कोणत्या चिठ्ठीवरून कोठे जाता येईल त्या रेघा ओढायच्या. प्रत्येक तुकडा दीड-दोन मिनिटांचा आणि स्वतःच्या पायावर उभा राहणारा हवा, कारण आधी काय पाहिले गेले हे आपल्याला ठाऊक नसते. खरी अडचण येथेच आहे. एक बाई कणगीतले बी कौतुकाने दाखवते. तीच दुसऱ्या तुकड्यात सुगीनंतर मजुरीसाठी नारायणगावकडे जावे लागते असे सांगते. कोणी पहिलाच तुकडा पाहून उठला तर तिचे अर्धेच आयुष्य त्याच्यापर्यंत पोहोचले. म्हणून बियाण्याच्या सगळ्या वाटा आम्ही मजुरीच्या तुकड्यातून नेल्या. तो टाळून पुढे जाता येत नाही. निवडीचे स्वातंत्र्य द्यावे, पण सगळेच प्रेक्षकावर सोडू नये.

परवानगीही एकदा घेऊन भागत नाही. बोलण्याआधी एकदा, आणि तुकडे जोडल्यावर समोर बसवून पुन्हा एकदा विचारायचे. औषधी झाडांच्या जागा आम्ही नकाशावर दाखवत नाही; तसा निर्णय वाडीतल्या वडीलधाऱ्यांनीच घेतला.

साधने महाग नाहीत. मोबाइल, कॉलरला लावायचा छोटा माइक (डोंगरातल्या वाऱ्यापुढे मोबाइलचा माइक टिकत नाही) आणि ट्वाइन नावाची मोफत आज्ञावली. ख्रिस क्लिमस यांनी ती २००९ मध्ये आणली. मुळात ती गोष्टी लिहिण्यासाठी आहे, पण तिच्यात चित्रफिती जोडता येतात आणि मराठीही नीट चालते. तयार होणारी फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. हे महत्त्वाचे, कारण पूर्वीचे असे कितीतरी माहितीपट फ्लॅशवर बनले होते. २०२० अखेर फ्लॅश बंद झाले आणि ते उघडेनासे झाले. म्हणून मूळ चित्रण दोन हार्ड डिस्कवर वेगळे ठेवावे.

राहिला प्रश्न रेंजचा. ज्यांच्यावर हा माहितीपट आहे त्यांच्याच वाडीत तो वेबवर दिसणार नाही. म्हणून ती फाइल आणि चित्रफिती एकाच फोल्डरमध्ये घालून आम्ही पेन ड्राइव्हवर देतो. समाजमंदिरातल्या लॅपटॉपवर तो इंटरनेटशिवाय चालतो. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यांनी नकाशावर आधी आपापले घर शोधले. बियाण्याकडे वळायला बराच वेळ लागला.