एन३९.० : वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गाची नोंद

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधी १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. पेनिसिलिन निकामी करणारे विकर ई. कोलाय या जंतूजवळ होतेच, आणि औषध तर अजून बाजारातही आले नव्हते! उन्हाळी लागली, लघवीला जळजळते म्हणून येणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या मूत्रसंसर्गामागे हाच जंतू असतो.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालेल्या संसर्गाला वैद्यकशास्त्र ‘वारंवार होणारा’ म्हणते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्रास त्यांनाच जास्त. कारखान्यात काम चालू असताना लाइन सोडता येत नाही म्हणून पाणी कमी पिणे आणि लघवी तुंबवून धरणे यानेही तो वाढतो. कारखान्यात पिण्याचे पाणी आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असे १९४८च्या कारखाने अधिनियमाने ठरवून दिले होते. या आजाराच्या संदर्भात ती कलमे मला औषधाइतकीच मोलाची वाटतात.

आता नोंदीकडे येऊ. पॅरिसचे जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये तिची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि १९९० मध्ये तिची दहावी आवृत्ती मंजूर झाली. आपल्याकडे आरोग्यविम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये रुग्णालय जो आयसीडी-१० संकेतांक भरते, तो याच आवृत्तीतला. एन३९.० म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, नेमकी जागा नमूद नाही. मूत्राशयाचा दाह असेल तर एन३०, मूत्रपिंडाला तीव्र संसर्ग असेल तर एन१०. रुग्ण गरोदर असेल तर प्रकरणच बदलते, ओ२३ लागतो. ई. कोलाय सापडला तर जोडीला बी९६.२.

इतक्या बारकाव्याच्या या यादीत ‘पुन्हा झाला’ यासाठी मात्र वेगळा संकेतांक नाही! पहिल्या वेळीही एन३९.० आणि पाचव्या वेळीही तोच. झेड८७.४ मूत्र-जननसंस्थेचा आजार पूर्वी होऊन गेल्याचे सांगतो, पण किती वेळा आणि केव्हा, हे नाही. ते डॉक्टरांनी केसपेपरवर शब्दांत लिहायचे असते: मागचे प्रसंग कोणत्या महिन्यात, कल्चरमध्ये कोणता जंतू, कोणती गोळी लागू पडली, कोणती पडली नाही. संकेतांक भरणाऱ्या कोडरने प्रयोगशाळेचा कागद पाहून स्वतः निदान ठरवायचे नसते, डॉक्टरांनी लिहिले तेवढेच त्याने संकेतांकात उतरवायचे.

चाकणच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराची कंपनी बदलते, निघोजे-खराबवाडीतली खोली बदलते, दवाखानाही बदलतो. म्हणून कल्चरच्या जुन्या रिपोर्टचा साधा मोबाइलवरचा फोटोसुद्धा लाखमोलाचा. उपचार संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परतला, तर संसर्ग मुळातून गेलेला नसण्याची शक्यता अधिक, आणि मग मुतखडा किंवा अडथळा शोधायला सोनोग्राफी करावी लागते. प्रोटियस जंतू असेल तर संशय आणखी बळावतो, कारण तो लघवी अल्कधर्मी करून स्वतःच खडा घडवतो आणि त्यातच लपून राहतो. जंतू वेगळा निघाला, तर तो बाहेरून आलेला नवा संसर्ग समजायचा. हा निवाडा जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवल्यावरच होतो.