विष्णुपुरी ते काठमांडू : मोटार की विमान?

विष्णुपुरीहून स्वतःच्या मोटारीने परदेशी जायचे, तर नेपाळ सर्वांत सोयीचा. भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही आणि सीमेवर भन्सार, म्हणजे सीमाशुल्काचा परवाना, काढला की गाडी पुढे नेता येते.

नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली या रस्त्याने काठमांडू सुमारे १,७०० किलोमीटर पडते. ताशी सरासरी ५० किलोमीटर धरले तरी निव्वळ चालवण्याचे ३४ तास, म्हणजे एका बाजूचेच तीन दिवस. विमानासाठी आधी पावणेतीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद गाठावे लागते. तरी दीड दिवसात पोहोचता येते.

इंधनाचा हिशेब मात्र माणसांवर ठरतो. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार या अंतरात सुमारे ११३ लिटर पेट्रोल जाळते. लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकूण २६० किलो. गाडीत चौघे असले तर माणशी ६५ किलो, एकटाच असला तर सगळा भार त्याच्यावर. विमानाचे तिकीट माणशी वाढते, मोटारीचा खर्च जवळपास तेवढाच राहतो.

खरा धोका थकव्याचा. सलग १७ तास जागलेल्या चालकाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. शेवटचा घाटरस्ता तर अशा थकल्या हातांनी चालवूच नये.

चौघे, दोन चालक आणि दहा-बारा दिवसांची रजा असेल तर मोटार घ्यावी. रजा आठवड्याचीच असेल तर विमानच बरे.