पडदा आपली ओळख कशी सांगतो?

आमच्या घरीं एक जुना संगणक असून त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. गेल्या चातुर्मासांत त्याला पुतण्याकडचा मोठा पडदा जोडला, तों अक्षरें फुगलेलीं व पुसट दिसूं लागलीं. "पडदा बिघडला, अडगळींत टाका," असा घरांत बहुमतानें निकाल झाला. नातवाची परीक्षा तोंडावर आलेली, आणि नवा पडदा घ्यावयाचा तो माझ्या पेन्शनींतून! तेव्हां निकालापूर्वीं चौकशी करावी, हा शिक्षकी पेशाचा नियम मीं पाळला. त्या चौकशींत जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

अपरिचित पाहुणा दारीं आला म्हणजे आपण त्यास नांव-गांव विचारतों व मग त्याची व्यवस्था लावतों. लिनक्सची रीत हीच. लिनस टॉरवल्ड्स यांनीं १९९१ सालीं रचावयास घेतलेला या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, यंत्र सुरू होतांच आंतील भागांना त्यांचे क्रमांक विचारतो. चित्र काढणाऱ्या भागाजवळ दोन क्रमांक असतात: एक घराण्याचा, दुसरा स्वतःचा. इंटेल घराण्याचा क्रमांक ८०८६; त्या कंपनीच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचें नांवहि तेंच. ड्रायव्हर हा अशा भागाचा सारथि होय. आपण कोणकोणाचे रथ हांकूं शकतों, याची यादी प्रत्येक ड्रायव्हरजवळ असते. क्रमांक जुळला कीं तो सारथि कामावर रुजू होतो.

पुढें पडद्याची पाळी. व्हेसा या संस्थेनें १९९४ सालीं ठरविलेल्या पद्धतीप्रमाणें पडद्याच्या पोटांत १२८ बाइटांची एक ओळखचिठ्ठी असते. तिला ईडीआयडी म्हणतात. तींत कारखानदाराची तीन अक्षरी खूण, पडद्याची लांबीरुंदी व त्यास मानवणारें चित्राचें माप लिहिलेलें असतें. शेवटचा बाइट ताळ्याचा. सर्व बाइटांच्या बेरजेस २५६ नें भागून बाकी शून्य न उरल्यास चिठ्ठी वाटेंत बिघडली असें समजावें.

पूर्वीं हे आंकडे पुष्कळदां माणसास स्वहस्तें लिहून द्यावे लागत, आणि चुकल्यास जुन्या काचेच्या पडद्यांना अपाय होण्याचें भय असे. २००९ सालीं, प्रथम इंटेलच्या भागांपुरतें, चित्राचें माप लावण्याचें काम कर्नलनेंच आपल्याकडे घेतलें.

आतां आमच्या घरची गोष्ट. व्हीजीए केबलीस १५ खुंट्यांची जागा असते. त्यांपैकीं बारावी व पंधरावी ही चिठ्ठी पोंचविण्यासाठीं. आमच्या स्वस्त केबलीस बारावी खुंटीच नव्हती! पाहुणा बोलत होता, पण निरोप्या मुका. मग कर्नलनें धोका न पत्करतां १०२४ बाय ७६८ हें बेताचें माप धरलें. नातवानें केबल बदलतांच पडद्यानें आपलें खरें माप, १९२० बाय १०८०, सांगितलें, आणि अक्षरें मोत्यांसारखीं उमटलीं.

दोष बोलणाऱ्याचा कीं मधल्या तारेचा, हें पाहिल्यावांचून कोणासहि अडगळींत टाकूं नये. सेवानिवृत्त माणसास हें विशेष पटतें!