मेकअपच्या आधीची ट्यूब

वैशाख लागला की आमच्या खानदेशात लग्नांची धामधूम उडते. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो, मंडपातला पंखा गरम हवाच फेकतो, आणि नवरी मुलगी मात्र मेकअपच्या थराखाली घामाघूम होऊन बसलेली असते. अशाच एका उन्हाळ्यात आमच्या भाचीच्या मंगलपरिणयाला आठ दिवस उरले असताना तिचा धुळ्याहून निरोप आला. जाऊन पाहतो तर चेहरा लालबुंद, गालांवर बारीक पुरळ. "मामा, मनं तोंड जळी राह्यनं," एवढेच बोलली. आदल्या दिवशी पार्लरमध्ये मेकअप करून पाहिला होता. घरात सगळे पार्लरवालीवर घसरले. आम्हीही घसरलो.

सरकारी दवाखान्यात स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी मेकअपचे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "आधीपासून चेहऱ्याला कोणती ट्यूब लावतेस?"

पोरीने मान खाली घातली आणि पर्समधून ट्यूब काढली. एक स्थळ 'मुलगी सावळी आहे' म्हणून परत गेले, तेव्हापासून आठ महिने ती रोज रात्री लावत होती. मैत्रिणीने नाव सांगितले, दुकानदाराने चिठ्ठी न मागता दिली. ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावे होती. यातले मोमेटासोन हे स्टेरॉइड. वांगासाठी डॉक्टर हे मिश्रण थोडे आठवडे देतात. रोजची क्रीम म्हणून नव्हे. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून बायका खूश होतात. पुढे कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, ऊन सोसत नाही. बंद केली की आग होते, म्हणून पुन्हा तीच लावतात. अशा कातडीला चांगली पावडरही झोंबते. आपण म्हणतो, हिची स्किन जन्माचीच नाजूक! 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब गल्लीतल्या दुकानात आहे.

बिननावाच्या डब्या तर त्याहून वाईट. 2023 मध्ये अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग दाबतो, तसा कातडीतून रक्तातही उतरतो.

तेव्हा भगिनींनो, मेकअप जरूर करा, आमचा त्याला विरोध नाही. पण डबीवर कारखान्याचे नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि मुदत छापलेली नसेल तर ती आठवडे बाजारातच राहू द्या. वासाच्या वस्तूंपेक्षा बिनवासाच्या बऱ्या, कारण सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी फार जणींना असते. 'हर्बल' शब्दावर भुलू नका. लिंबाचा रसही कातडी जाळतो. वस्तू जितक्या कमी तितके बरे, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळते. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावून पाहा. खाज, लाली आली तर ती चेहऱ्यासाठी नाही. म्हणजे हे काम लग्नाच्या निदान पंधरा दिवस आधी काढायला हवे, आदल्या दिवशी नव्हे. पत्र्याच्या घरात दुपारी क्रीम वितळते, म्हणून डबी माठाजवळ थंडाव्याला ठेवा. पार्लरमध्ये आपला स्पंज आपण न्यावा, लाजू नये. टिकलीच्या डिंकाने कपाळावर पांढरा डाग पडतो, तो दिसताच टिकली बंद. आणि झटपट रंगणारी काळी मेंदी नकोच, तिच्यात केस काळे करायच्या डायचे रसायन असते, त्याने हातावर फोड येतात.

ट्यूबची सवय लागली असेल तर एकदम मनाने सोडू नका, डॉक्टर पायरीपायरीने सोडवतात. धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजचे दवाखाने आहेत. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, डब्या पिशवीत घालून न्याव्यात.

एक गोष्ट मात्र आमच्याच पदराची. वधू-वर मेळाव्याचे फॉर्म आम्ही कित्येक वर्षे भरून घेतले. त्यात उंची, शिक्षण, नोकरी यांच्या शेजारी 'वर्ण' असा रकाना होता. मुलीचे वडील जरा अडखळत, मग 'गोरा' किंवा 'निमगोरा' सांगत, आणि आम्ही क्लार्कच्या सवयीने ते लिहून घेत होतो. भाचीचाही फॉर्म आमच्याच अक्षरात आहे. तो रकाना काढावा असे आम्ही पुढच्या बैठकीत सुचवले, तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "पाहुणे विचारतातच, मग लिहायला काय हरकत?" विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

भाचीचे लग्न ठरल्या तारखेलाच झाले. पांढरी साडी, नेहमीच्या वापरातले काजळ, ओठांना साधे व्हॅसलीन. बाकी काही लावायचे नाही असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. फोटोत गाल लाल दिसतात. चेहरा ताळ्यावर यायला पुढे पाच महिने लागले, आणि धुळ्याच्या दवाखान्यात दर महिन्याला तिला घेऊन जायला जावई रजा टाकून येत होते.