डिझेल की पेट्रोल? मोठी मोटार घेण्यापूर्वीचा विचार

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली की थोड्याच अंतरावर बोरगाव लागते. सौसर तहसिलीतील हे गाव २०२३ साली निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे संत्र्याच्या बागा, घरात मराठी बोली आणि मोठ्या कामासाठी साठेक किलोमीटरवरचे नागपूर, असा येथील जीवनक्रम आहे. ज्यांच्या हाती चार पैसे खेळू लागले आहेत अशा घरांपुढे या टापूत आता एक नवा प्रश्न उभा राहतो. एसयूव्ही या नावाने ओळखली जाणारी उंच, प्रशस्त आणि महागडी मोटार घ्यावयाचे ठरते, रंगही ठरतो; मात्र इंजिन डिझेलचे घ्यावे की पेट्रोलचे, येथे गाडी अडते.

बहुधा या प्रश्नाचे उत्तर विचाराने दिले जात नाही, सवयीने दिले जाते. "डिझेल स्वस्त आणि डिझेल दणकट" हे वाक्य येथील शेतकऱ्याच्या कानी लहानपणापासून पडलेले असते. त्याला कारणही आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला खेड्यापाड्यांतून "किर्लोस्कर" हेच नाव पडले. पुढे ट्रॅक्टर आला, ट्रक आला, तेही डिझेलचेच. शिवाय सरकार डिझेलचा दर मुद्दाम कमी ठेवीत असे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात, २०१२ साली, दोहोंच्या दरांत लिटरमागे सुमारे तीस रुपयांचे अंतर पडले होते. ते अंतर आज जवळजवळ निम्म्यावर आले आहे. परिस्थिती पालटली, समजूत तेवढी कायम राहिली.

या दोन इंजिनांत मुळात फरक तो काय? चार टप्प्यांचे इंजिन जर्मनीत निकोलाउस ऑटो याने १८७६ साली सिद्ध केले. त्याच तत्त्वावर चालणाऱ्या आजच्या पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबून त्यावर विजेची ठिणगी पाडतात. रुडॉल्फ डिझेल याने ठिणगीलाच रजा दिली. त्याचे यशस्वी इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे चालले. त्यात केवळ हवाच इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी दाहक होते. मग तीत इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारणपणे दहापट दाबले जाते, तर डिझेल इंजिनात हवा पंधरा ते वीसपट. दाब अधिक, म्हणून उष्णतेचे कामात रूपांतरही अधिक. त्यातच एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा शेकडा दहाहून थोडी अधिक ऊर्जा असते. डिझेलची मोटार एका लिटरमध्ये अधिक दूर जाते, याचे रहस्य एवढेच.

दुसरा गुण ओढण्याच्या जोराचा. महिंद्रा कंपनीच्या, २०२१ साली आलेल्या एक्सयूव्ही ७०० या मोटारीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनाची शक्ती २०० अश्वशक्ती होती, तर २.२ लिटरच्या डिझेल इंजिनाची १८५. परंतु फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो पेट्रोल इंजिनात ३८० न्यूटन-मीटर व स्वयंचलित गिअरच्या डिझेल इंजिनात ४५० होता. बोरगावहून सौसर ओलांडून उत्तरेस निघाले की सातपुड्याचा चढ लागतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, तर छिंदवाडा त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसले आहे. सात माणसे आणि त्यांचे सामान घेऊन हा घाट चढताना डिझेलचा जोर कळून येतो. उलट पेट्रोलचे इंजिन आवाजाने मऊ, कंप कमी, आणि गावातल्या गावात चालवावयास सुखाचे.

येथवर ऐकल्यास डिझेलचेच पारडे जड वाटेल. परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि विक्रेत्याच्या दालनात ती क्वचितच दाखविली जाते. डिझेल जळताना काजळी उत्पन्न होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल मोटारींच्या धूर सोडण्याच्या नळीत काजळी अडवणारा एक फिल्टर बसविलेला असतो; गॅरेजात त्याला डीपीएफ म्हणतात. हा फिल्टर चुलीच्या धुराड्यासारखा आहे. काजळी साचत राहिली तर तो तुंबतो. तो साफ होतो तो उष्णतेने. मोटार हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने धावली की नळी चांगली तापते आणि साचलेली काजळी जळून जाते. पण जी मोटार घरापासून कारखान्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर जाते आणि थंड होते, तिची काजळी जळावी कधी? मग एके दिवशी समोरच्या तबकडीवर दिवा लागतो, इंजिनाची शक्ती घटते आणि दुरुस्तीचा मोठा खर्च पुढे येतो. अनेक मोठ्या डिझेल मोटारींत याखेरीज युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. तीही वेळोवेळी भरावी लागते.

पेट्रोलही निर्दोष नाही. जड मोटार, वर वातानुकूलन आणि पेट्रोलचे इंजिन, असा मेळ बसला की इंधनाचा काटा भराभर खाली येतो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलची उष्णता लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. म्हणून एका लिटरमधील अंतर थोडे घटते.

तेव्हा निर्णय कशावरून करावा? तो दररोजच्या धावेवरून करावा, हेच त्याचे खरे उत्तर होय. हिशेब सोपा आहे. समजा, पेट्रोल १०५ रुपये लिटर व डिझेल ९१ रुपये लिटर आहे. पेट्रोलची मोठी मोटार लिटरला १० किलोमीटर जाते व डिझेलची १३. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरमागे साडेदहा रुपये लागतील, डिझेलवर सात. बचत साडेतीन रुपयांची. आता समजा, नोंदणी-कर धरून डिझेलच्या मोटारीस १ लाख ४० हजार रुपये अधिक मोजावे लागले. ते भरून निघण्यास ४० हजार किलोमीटर धावावे लागेल. ज्या बागाईतदाराला माल, बाजार व नातेवाईक यांपायी वर्षाकाठी वीस हजार किलोमीटर पडतात, त्याचे पैसे दोन वर्षांत वसूल होतील. जो गृहस्थ घर, वसाहत आणि रविवारची एखादी नागपूर-फेरी मिळून वर्षाला आठ हजारच किलोमीटर चालवतो, त्याला पाच वर्षे लागतील. आणि मध्येच फिल्टर तुंबला तर हिशेब पुरताच उलटेल. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. दर व किंमती ज्याने त्याने आपल्या घातल्या की उत्तर मिळते. हद्दीजवळ राहणाऱ्याने दोन्ही राज्यांतील पंपांचे दर पाहावेत, कारण इंधनावरील कर राज्यागणिक बदलतो.

कायद्याकडेही लक्ष हवे. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व भोवतालच्या प्रदेशात २००० सीसी व त्याहून मोठ्या डिझेल इंजिनाच्या खासगी मोटारींची नवी नोंदणी थांबविली. त्याचा तडाखा थेट महाराष्ट्रातील कारखान्यांना बसला. महिंद्राच्या स्कॉर्पिओचे व एक्सयूव्ही ५०० चे २१७९ सीसीचे इंजिन या मर्यादेत बसेना. कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये २००० सीसीच्या किंचित आतले इंजिन तातडीने बाजारात आणले. पुढे १२ ऑगस्ट २०१६ रोजी, किंमतीच्या एक टक्का पर्यावरण-आकार घेऊन, ही बंदी उठविण्यात आली. त्याच टापूत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारी न चालविण्याच्या निर्बंधास २०१८ साली न्यायालयाने दुजोरा दिला होता; २०२५ साली त्या कारवाईत सवलतही मिळाली. हे नियम बोरगावचे नव्हेत. परंतु महागडी मोटार पुष्कळदा जुनी झाल्यावर दूर विकली जाते, आणि विकतेवेळी तिला किती बाजार खुला राहील याचा विचार घेतानाच केलेला बरा.

शेवटची गोष्ट पैशाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत नोंदविला. नव्या मोटारीतील फिल्टर ही काजळी बहुतांशी अडवतो, हे खरे. म्हणूनच तो शाबूत राहणे अगत्याचे. तुंबलेला फिल्टर दुरुस्त करण्याऐवजी काढूनच टाकण्याची युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते. ती बेकायदा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तिची किंमत मोटारीचा धनी देत नाही. तो काचा लावून थंड हवेत बसलेला असतो. धूर जातो तो मागून सायकलीवर शाळेला निघालेल्या मुलाच्या छातीत. शेजाऱ्याच्या श्वासाचा हिशेब कोणत्याही दुकानाच्या पावतीवर नसतो, तो आपल्या सदसद्विवेकात ठेवावा लागतो.

म्हणून मोठी मोटार घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम एक वही घ्यावी. महिनाभर घरातील प्रत्येक फेरी, ती किती किलोमीटरची आणि कोणत्या रस्त्याची, हे लिहून काढावे. फेऱ्या लांबच्या, घाटाच्या व भरल्या गाडीच्या असतील तर डिझेल योग्य. फेऱ्या आखूड, थांबत-थांबत होणाऱ्या असतील तर पेट्रोल बरे. आणि दोन्ही पाने सारखीच भरली, तर ज्याची निगा आपल्याकडून नेमाने राखली जाईल ते इंजिन निवडावे. शेजाऱ्याने काय घेतले हे त्या वहीत लिहावयाचे कारण नाही.