अडत किती? तुम्हीच सांगा

पुण्याच्या मार्केट यार्डात एखाद्या शेतकऱ्याने पहाटे टोमॅटोचे क्रेट उतरवले आणि अडत्याला सांगितले, ‘यंदा तुमची अडत मी ठरवणार, आणि ती शून्य!’, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. अडत शेतकऱ्याने द्यायची की खरेदीदाराने, एवढ्याच प्रश्नावर २०१६ साली महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. संगणकावरच्या खेळांचा एक बाजार मात्र असा आहे, जिथे हा प्रकार रोज चालतो. माल घेऊन आलेल्याला दुकानदारच विचारतो, ‘विक्रीतला किती वाटा मला द्याल?’ शून्य टक्के ते शंभर टक्के, कुठलाही आकडा चालतो. काहीच निवडले नाही तर दहा टक्के धरले जातात. शून्य निवडले तरी पाटी लागते, माल मांडला जातो आणि दुकानदार तोंड वाकडे करत नाही.

या बाजाराचे नाव इच डॉट आयओ. नेहमीचे लोक नुसते ‘इच’ म्हणतात. इच म्हणजे खाज, आणि एकट्यादुकट्याने रात्री जागून खेळ बनवणाऱ्यांच्या अंगातल्या किड्याला हे नाव शोभतेही. पण त्यामागे फार विचार नव्हता. संस्थापक लीफ कोर्कोरन यांनी हे डोमेन आधीच कधीतरी घेऊन ठेवले होते. ते रिकामे पडले होते, म्हणून वापरले.

मार्च २०१३ मध्ये इच सुरू झाले तेव्हा ते धड दुकानही नव्हते. खेळ बनवणाऱ्याला स्वतःच्या खेळासाठी हवे तसे पान सजवता यावे, किंमत लावता यावी, पैसे घेता यावेत, एवढाच हेतू होता. संगीतकारांसाठी बँडकॅम्प जे करत होते, तेच खेळांसाठी. कोर्कोरन प्रोग्रॅमर, तेही हाडाचे. मूनस्क्रिप्ट नावाची संगणकभाषा त्यांनी स्वतः तयार केली, तिच्यावर लॅपिस हा वेबचा सांगाडा उभारला आणि त्यावर इच बांधले. अशा माणसाच्या दुकानात मार्केटिंगपेक्षा अवजारे जास्त असणार, आणि तसेच झाले.

त्या काळी इंडी खेळांची, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय बनलेल्या खेळांची, मोठी पेठ एकच होती: स्टीम. तिथे शिरण्यासाठी तेव्हा ‘ग्रीनलाइट’ नावाची मतदानाची चाळण होती. २०१७ मध्ये ती गेली आणि दर खेळामागे शंभर डॉलर भरण्याची पद्धत आली. विक्री हजार डॉलरपर्यंत पोचली की ते शंभर परत मिळतात. स्टीमचा वाटा तीस टक्के. २०१८ च्या अखेरीस त्यांनी त्यात सूट दिली, पण ती कोणाला? एका खेळाची कमाई एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या रकमेवर पंचवीस टक्के, पाच कोटींच्या वर गेली की वीस. म्हणजे ज्याच्याकडे मुबलक आहे त्याला सवलत, आणि जो पहिले हजार डॉलर मोजतोय त्याला पूर्ण भार. इचवर प्रवेश फुकट आणि चाळण नाही. ‘वाटा तुम्हीच ठरवा’ ही पद्धत मार्च २०१५ पासूनची.

भाबडेपणा वाटेल असा हा कारभार तगतो कसा? थोडे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. आधीच भरून ठेवलेला आकडा बदलायला माणूस सहसा जात नाही. आणि ज्याला खरेच विचारले जाते, त्याला शून्य लिहिताना जरा तरी जड जाते. तीच युक्ती गिऱ्हाइकावरही चालते. इचवरचे असंख्य खेळ ‘हवे तेवढे द्या’ पद्धतीचे आहेत. डाउनलोडचे बटण दाबले की आधी पैसे देण्याची खिडकी उघडते, आणि तिच्यात ‘नको, मला थेट डाउनलोडकडे न्या’ अशा अर्थाची एक साधी ओळ असते. त्या ओळीवर बोट ठेवताना बऱ्याच जणांना देवळातल्या दानपेटीसमोरून हात खिशात ठेवूनच पुढे सरकल्यासारखे वाटत असणार. किंमत लावलेल्या खेळालाही कोणी जास्त पैसे देऊ शकतो, आणि देतो.

हिशेबाचा एक बारकावा मात्र पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत कार्डाचे व्यवहार करून देणाऱ्या कंपन्यांचा नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट. एक डॉलरचा खेळ विकला तर सुमारे ३३ सेंट तिथेच गेले. इचला दहा टक्क्यांनी मिळाले दहा. म्हणजे दुकान चालवणाऱ्यापेक्षा गल्ल्यावर बसलेला पाहुणा तिप्पट घेऊन गेला. पाच डॉलरच्या खेळावर दोघांचे जवळपास समसमान होते. हा पाहुणा लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

पैशाचे झाले. माणसे कशी जमली, ही गोष्ट त्याहून मजेदार आहे, आणि तिचे नाव ‘जॅम’.

जॅम म्हणजे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या विषयावर खेळ बनवायचा. ही परंपरा इचच्या आधीची. लुडम डेअर हा ४८ तासांचा जॅम २००२ पासून चालत आला आहे. इचने केले ते इतकेच, की जॅम भरवणे कोणालाही फुकट आणि सोपे करून टाकले. नाव द्या, विषय द्या, तारखा द्या. घड्याळ, प्रवेशिका, मतदान, निकाल सगळे यंत्र सांभाळते. गणेशोत्सवात गल्लीगल्लीत मंडळे उगवावीत तसे जॅम उगवले. कोणी भुताच्या खेळांचे भरवतो, कोणी १२८ गुणिले १२८ ठिपक्यांच्या पिको-८ या काल्पनिक यंत्रावरच्या खेळांचे, कोणी फक्त आपल्या कॉलेजपुरते. मार्क ब्राउन हे ब्रिटिश यूट्यूबर ‘गेम मेकर्स टूलकिट’ नावाने खेळांच्या रचनेवर व्हिडिओ करतात. त्यांनी २०१७ मध्ये इचवर जॅम सुरू केला. २०२० मध्ये त्यात पाच हजारांवर खेळ आले, २०२४ मध्ये साडेसात हजारांवर. चार दिवसांत जगभरातून साडेसात हजार खेळ! त्यातले बरेचसे कच्चे, काही चालतच नाहीत, आणि चार-दोन असे की डोळे चमकावेत.

एवढे खेळ खेळणार कोण? ज्यांनी बनवले तेच. जॅममध्ये भाग घेणाऱ्यांनी एकमेकांचे खेळ खेळून गुण द्यायचे असतात, आणि यादी लावण्याच्या पद्धतींत एक ‘कर्मा’ नावाची आहे. तुम्ही दुसऱ्यांचे जितके खेळ तपासाल, तितका तुमचा खेळ तिच्यात वर सरकतो. कर्माचा इतका रोखठोक हिशेब आपल्या कीर्तनकारांनीही कधी मांडला नसेल. पण त्यामुळे होते असे, की पहिलाच खेळ टाकणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला निदान दहा-वीस खेळणारे मिळतात, दोन शब्द मिळतात. बहुतेक खेळ ब्राउझरमध्येच चालतात, त्यामुळे परक्या माणसाची फाइल संगणकावर उतरवण्याची धास्तीही नसते. हे पोरगे पुढच्या जॅमला परत येते. जाहिरातीवर खर्च न करता जमलेली ही जत्रा आहे.

तिच्यात गिऱ्हाईक आणि विक्रेता हे बहुधा एकच. म्हणून इचवर खेळांइतकाच खेळांचा कच्चा माल खपतो: झाडे, विटा, तलवारी, पावलांचे आवाज. नेदरलँड्सचा ‘केनी’ अशा चित्रांचे संच कुठल्याही अटीविना फुकट वाटतो, आणि सगळे एका गठ्ठ्यात हवे असतील त्यांना तो गठ्ठा विकतो. फुकट मिळणारी वस्तू लोक सोयीसाठी आणि कृतज्ञतेपोटी विकत घेतात. पुढे कागदावर खेळायच्या, फासे टाकायच्या कथाखेळांच्या लेखकांनीही इथेच पथाऱ्या मांडल्या.

आता या व्यवस्थेचा तोटा. रोप इथे रुजते आणि दुसऱ्याच्या बागेत फळते. ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढणाऱ्या मुलीचा खेळ मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आधी पिको-८ वर चार दिवसांत बनवला. तो फुकट नमुना आजही इचवर खेळता येतो. पूर्ण खेळ २०१८ मध्ये स्टीमवर आणि निन्टेन्डो, सोनीच्या यंत्रांवर आला आणि लाखांनी विकला गेला. लुका गलांते यांचा ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ मार्च २०२१ मध्ये इचवर अवतरला, त्या डिसेंबरात तीनेक डॉलरला स्टीमवर गेला, आणि २०२३ मध्ये ‘एल्डन रिंग’सारख्या धनाढ्यांना मागे टाकून बाफ्टाचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार घेऊन आला. या स्टीमवरच्या विक्रीतला एक सेंटही इचकडे येत नाही. कुणी म्हणेल हा धंदा नव्हे, रोपवाटिका झाली. तसे ते आहेच. पण रोपवाटिकेवाल्याला नव्या बियांची ददात कधी पडत नाही, हेही खरे.

माणसे जमली म्हणजे काय होऊ शकते, ते २०२० च्या जूनमध्ये दिसले. अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर इचने वांशिक न्यायासाठी एक गठ्ठा काढला. निर्मात्यांना आपले काम दान करण्याचे आवाहन केले आणि स्वतःचा वाटाही सोडला. यादी फुगत फुगत १,७४१ नगांवर गेली. त्यात ‘सेलेस्ट’ होता, ‘नाइट इन द वुड्स’ होता, आणि कोणी कधी नावही न ऐकलेले शेकडो होते. किमान किंमत पाच डॉलर. आठ लाखांहून अधिक लोकांनी मिळून ८१ लाख डॉलरांवर रक्कम दिली. भागाकार केला तर दरडोई दहा डॉलर, मागितले त्याच्या दुप्पट. एवढे खेळ खात्यात एकदम ओतले असते तर लोकांना स्वतःचे जुने खेळच सापडले नसते, म्हणून पान उघडाल तो खेळ तुमच्या संग्रहात, अशी सोय करावी लागली. मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी काढलेल्या अशाच गठ्ठ्यातून ६३ लाख डॉलर उभे राहिले.

या बाजाराच्या भिंती मात्र किती पातळ आहेत, हे त्यानंतर दोनदा कळले. डिसेंबर २०२४ मध्ये एक दिवस इच अचानक गायबच झाले. फन्को या खेळणी कंपनीने नेमलेल्या ब्रँडशील्ड या संस्थेच्या स्वयंचलित पहारेकऱ्याला इचवरचे एक पान फसवणुकीचे वाटले. तक्रार थेट डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे गेली आणि त्या एका पानापायी आख्ख्या बाजाराचे शटर खाली आले. काही तासांनी ते उघडले.

दुसरा घाव गल्ल्यावरच्या त्या पाहुण्याकडून आला. लैंगिक हिंसेचे चित्रण असलेल्या ‘नो मर्सी’ या खेळावरून ऑस्ट्रेलियातल्या कलेक्टिव्ह शाउट या गटाने मोहीम उघडली होती. खेळ एप्रिल २०२५ मध्येच काढून घेतला गेला, पण मोहिमेचा रोख आता पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांकडे वळला: असल्या दुकानांचे पैसे तुम्ही कसे हाताळता? जुलैत स्टीमने काही खेळ काढले. इचकडे स्टीमसारखी ताकद नव्हती आणि एकेक पान तपासायला वेळही नव्हता. २४ जुलैच्या सुमारास प्रौढांसाठी अशी खूण असलेले सगळेच इचच्या शोधातून आणि याद्यांतून एका रात्रीत उतरवले गेले. त्यात नुसते चाळे होते, तसेच स्वतःच्या शरीराविषयी, नात्यांविषयी गंभीरपणे लिहिलेले कथाखेळही होते. आपले पान शोधात दिसत नाही हे अनेक निर्मात्यांना स्वतः शोधायला गेल्यावर कळले. संताप उसळला, आणि तो इचवर जास्त निघाला, कारण कार्ड कंपनीच्या दारापर्यंत कोण पोचणार?

कोर्कोरन यांनी जाहीरपणे सांगितले की पैशाची वाट बंद झाली असती तर सगळ्याच निर्मात्यांचे उत्पन्न थांबले असते. महिनाअखेर काही पाने शोधात परतली. परतली ती फक्त फुकट असलेली, जिथे कार्ड काढावेच लागत नाही.